दोन नावांची यादी

सव्वीस जानेवारीचा झेंडा उतरतो न उतरतो तोच प्राचार्यांनी ग्रुपवर सत्तावीसची, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतिदिनाची, पोस्ट टाकली आणि एसटी स्टँडमागच्या आमच्या कट्ट्याला विषय मिळाला. प्राचार्य म्हणजे खरे प्राचार्य नव्हेत. दोन महिने प्रभारी होते, त्यालाही वीस वर्षं झाली.

"श्रद्धेची परीक्षा नाझींच्या ऑश्वित्झ छावणीत झाली आणि श्रद्धा सपशेल नापास!" चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले. "छळछावणीचे पहारेकरी लहानपणी चर्चमध्येच जात होते ना?"

"जात होते की," नाना म्हणाले. "तुम्हीही लायब्ररीत जात होतात."

नाना निवृत्त तलाठी. बोलतात कमी, वाचतात फार.

"ग्रीसमधलं झाकिन्थॉस बेट घ्या. जर्मनांनी महापौर कारेर यांच्याकडं ज्यूंची यादी मागितली. त्यांनी आणि बिशप क्रिसोस्तोमोस यांनी दिली. नावं किती? दोन. एक महापौराचं, एक बिशपचं."

"मूळ कागद पाहिलाय कुणी?"

"माणसं मोजलीत. २७५ ज्यू होते, डोंगरातल्या गावांनी लपवले, सगळे वाचले. तुम्हाला काय साक्षांकित झेरॉक्स हवीय?"

दिलप्या इतका वेळ मोबाईलमध्ये होता. "पण नाना, त्याच समुद्रातलं कोर्फू? पंथ तोच, चर्च तेच. जून १९४४ मध्ये तिथले सुमारे १,८०० ज्यू ऑश्वित्झला नेले. मग श्रद्धेनं वाचवलं, असं कसं म्हणायचं?"

पोरगं कधी नव्हे ते नेमकं बोललं. प्राचार्य तर असे खुलले, जणू मुद्दा त्यांचाच.

नाना बशीतल्या चहात बोट फिरवत बसले. "श्रद्धेनं वाचवलं असं मी म्हटलंच नाही. देवावर भरवसा तर सगळ्यांचाच होता. बिशपनं कागदावर देवाचं नाव नाही घातलं, स्वतःचं घातलं. आदेश वरून येतो रे, पण नाव खालचाच माणूस लिहितो. मी बत्तीस वर्षं तेच केलं." मग जरा थांबून म्हणाले, "पुराच्या वर्षी एका म्हातारीच्या घराची एक भिंत तेवढी उभी होती. वरून निरोप आला, पंचनाम्यात 'अंशतः पडझड' लिहा. लिहिलं. मला तर कुणी बंदूकही लावली नव्हती."

कुणीच काही बोललं नाही. स्टँडवर बार्शी गाडीची अनाउन्समेंट होऊन गेली.

शांतता प्राचार्यांना सोसत नाही. "याद्यांचंच म्हणाल, तर त्या वर्षीच्या गणपतीत मी १०१ दिले होते. वहीत माझ्या नावापुढं ५१ कुणी लिहिलं? वही तुमच्याकडंच होती!"

नानांनी बशी खाली ठेवली. "अंशतः लिहिलं."

दिलप्याला ठसका लागला, चहा नाकातून आला. प्राचार्य पैसे न देताच उठले, आणि टपरीवाल्यानं पाचही कटिंग बिनबोभाट त्यांच्या नावावर मांडले.