तात्पुरतं म्हणजे विनापरवाना नव्हे
"पक्कं बांधकाम नसेल तर परवानगी लागत नाही" हे इंग्लंडमध्ये शेतजमिनीवर तात्पुरते उपक्रम सुरू करण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य लोकांना गोत्यात आणेल. तिथल्या १९९० च्या नियोजन कायद्यात जमिनीच्या वापरातला ठोस बदलही 'विकास'च धरतात, म्हणजे परवानगी लागते, मग वीट लावा की नका लावू. तात्पुरत्या वापराला सवलत आहे, पण ती साधारण वर्षाला २८ दिवसांची; बाजार किंवा मोटारशर्यती असतील तर १४च.

आम्ही मक्याच्या शेतात भुलभुलैया उभारला तेव्हा मक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घोडं अडलं ते गाड्यांपाशी! रस्ता अरुंद, वळणावर समोरचं दिसत नाही, पार्किंग कुठे? अर्जाआधीच नियोजन अधिकाऱ्यांचा सल्ला घेतला असता (फी पडते, पडू दे) तर अख्खा हंगाम वाया गेला नसता. लेखात त्या सल्ल्याचा उल्लेखच नाही.