पंधरा वर्षं एकही खाडा नाही

आज खूप चिडलेय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. सध्या मॉन्ट्रियलला लेकीकडे आहे. नातू नऊ वर्षांचा, बर्फावरच्या हॉकीत गोली, म्हणजे गोलकीपर आहे. सकाळी अंग तापलेलं, थर्मामीटर लावला तर १०१. आज मॅच होती. लेकीने कोचला फोन करून सांगितलं, तर तो म्हणे, व्हेझिना १०२ ताप असताना खेळला होता, थोडं कणखर बनू दे पोराला! आणि आमचे जावईबापू बॅग भरायला लागले की हो!

मी दारात उभी राहिले. म्हटलं, पोरगं कुठेही जाणार नाही.

हा व्हेझिना म्हणजे जुन्या काळचा नावाजलेला गोली, मला माहितीये, नातवानेच सांगितलाय आणि मग मी रात्री बसून बरंच वाचलंय. जॉर्ज व्हेझिना, क्वेबेकमधल्या शिकुटिमी गावचा, जन्म १८८७. मोठा होईपर्यंत स्केट्स नाहीत, साध्या बुटांवरच गोलमध्ये उभा राहायचा. १९१० मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ही इथली हॉकीची टीम त्याच्या गावी मॅच खेळायला गेली आणि त्यांचाच गोली कॅटॅरिनिच म्हणाला, माझ्या जागी ह्याला घ्या. ३१ डिसेंबर १९१० ला पहिली मॅच, आणि तिथून पंधरा वर्षं एकही खाडा नाही. सलग ३२८ मॅचेस, वर प्लेऑफच्या ३९. तोंडावर मास्क नाही, आणि १९१८ पर्यंत तर पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, अडवायला गोलीने बर्फावर पडायचंही नाही, पडला की दंड. उभ्याउभ्या अडवायचं सगळं. डोकं इतकं थंड की लोक त्याला शिकुटिमीची काकडी म्हणायचे. १९१६ आणि १९२४ असे दोनदा स्टॅनले कप जिंकला, ह्या हॉकीतला सगळ्यात मानाचा कप. १९१६ मध्ये मुलगा झाला त्याचं नावसुद्धा मार्सेल स्टॅनले ठेवलं. मला हा माणूस मनापासून आवडतो.

म्हणूनच राग येतो. कोच अर्धीच गोष्ट सांगतो.

आमचे अप्पा, माझे वडील, कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. त्यांच्याही तोंडी तेच, एकही खाडा नाही. १९७९ ची गोष्ट, मी बारा वर्षांची. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, तरी पाळी चुकवायची नाही, कारण आपण घरी बसलो तर बदलीवाला साच्यावर उभा राहील आणि मग साचा परत मिळेल न मिळेल. खात्यात सगळे शाबासकी द्यायचे, काय माणूस आहे. आईने रुमाल धुवायला घेतला तेव्हा पाणी लाल झालं. मी शेजारीच बसले होते मोरीत.

व्हेझिनाचंही असंच. २८ नोव्हेंबर १९२५, पिट्सबर्गविरुद्ध मॅच, अंगात १०२ ताप. पहिला पिरियड कसाबसा काढला, मध्ये रक्ताची उलटी झाली, तरी परत जाऊन उभा राहिला आणि तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी निदान झालं, टीबी. चार महिन्यांत, मार्च १९२६ मध्ये, गावीच वारला तो. वय ३९. हे का नाही सांगत पोरांना? त्याच्या नावाची ट्रॉफी सांगतात, हॉल ऑफ फेम सांगतात, रक्त नाही सांगत.

बरं, मान्य, तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, त्या दिवशी घरी झोपला असता तरी वाचला असता असं नाही. आणि त्याला कोणी जबरदस्ती केली असंही मी म्हणत नाही, स्वतःच उभा राहिला तो. पण अप्पाही स्वतःच जायचे ना. कोणी ढकलत नव्हतं, फक्त सगळे कौतुक करत होते. अप्पांच्या वेळी औषध होतं म्हणून ते राहिले, आधी सुया आणि मग दीड वर्ष गोळ्या, पण डबा घेऊन जिना उतरताना दर मजल्यावर थांबणारे अप्पा मला अजून दिसतात.

जावयावर जरा जास्तच ओरडले मी. तो वाईट नाहीये, त्याला वाटतं पोराने मागे पडू नये, इथे परक्या देशात तर अजूनच वाटतं. दुपारी त्यानेच पेज करून आणून दिली पोराला. लिहिता लिहिता राग उतरलाय माझा. कोचवरचा नाही.

व्हेझिना नंतर एकदा म्हणे ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसला, आपल्या जागेवर, आणि स्टॅनले कपच्या वेळची आपली जर्सी मागितली. हे वाचलं तेव्हा मला अप्पांचा खुंटीवरचा खाकी शर्ट आठवला. आजारपणात आईला दर आठवड्याला धुवून ठेवायला सांगायचे.

आत्ता ताप ९९ वर आलाय. झोपता झोपता नातवाने विचारलं, आजी, व्हेझिना पडला मग गोलमध्ये कोण उभं राहिलं? म्हटलं, बदलीवाला आला रे, अल्फॉन्स लॅक्रोआ नावाचा. मॅच झाली पुढे.

"बरं," म्हणाला आणि कुशीवर वळला.