‘जुळी आहेत, उशिराच बोलणार’ : या संदेशातलं काय खरं, काय खोटं

जुळ्यांच्या आईबाबांना हमखास कुणीतरी पाठवतं असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच. जुळी मुलं बोलण्यात वर्ष-दीड वर्ष मागेच असतात. त्यांची आपसातली गुप्त भाषा असते, म्हणून आपल्या भाषेची त्यांना गरज वाटत नाही. घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा. जीभ जड आहे, तिला वेखंड-मध चाटवा. आणि शेवटी, बालवाडीत घातली की धडाधड बोलायला लागतील, तोवर थांबा. पाठवणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, पण या धीरापायी अनेक मुलांची कानाची साधी तपासणीसुद्धा वेळेवर होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘वर्ष-दीड वर्ष मागेच असतात’

सरासरीने जुळी थोडी मागे असतात हे खरं आहे. किती, तेही मोजलेलं आहे. मायकेल रटर, कॅरन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या जुळ्यांची तुलना पाठोपाठ जन्मलेल्या, जुळ्या नसलेल्या भावंडांशी केली आणि ती २००३ साली प्रसिद्ध केली. विसाव्या महिन्यात जुळी १.७ महिने मागे होती, तिसऱ्या वर्षी ३.१ महिने. म्हणजे दीड वर्ष नव्हे, जेमतेम तीन महिने. त्याहून महत्त्वाचं हे की आपोआप भरून निघेल असं ज्याच्याबद्दल सांगतात तो फरक या काळात उलट वाढला होता. बाळंतपणातल्या अडचणींनी त्याचा उलगडा झाला नाही. घरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला कोणत्या प्रकारचं बोलणं येतं, त्यावरून झाला.

यात आईला दोष देण्यासारखं काहीच नाही. एकटं मूल कावळ्याकडे बोट दाखवतं, आई तिकडे बघते, ‘काऊ आला’ म्हणते, मूल पुन्हा तिच्याकडे बघतं. भाषा याच देवाणघेवाणीतून येते. जुळ्यांच्या घरात एक कावळ्याकडे बोट दाखवत असतं तेव्हाच दुसरं वरणाची वाटी पालथी करत असतं. आई ‘काऊ’ म्हणायच्या आधी ‘अरे अरे, नको’ म्हणते. दिवसभरात बोलणं भरपूर होतं, पण त्यात हुकूम जास्त, गप्पा कमी. शिवाय ‘चला रे’, ‘बसा दोघं’ असं दोघांना मिळून बोललेलं वाक्य मुलाला आपल्यासाठी आहे असं वाटतंच असं नाही.

यावर उपाय छोटा आहे, पण रोज करावा लागतो. प्रत्येक मुलाला दिवसातून दहा मिनिटं एकट्याने द्यायची, दुसरं नजरेआड. आंघोळीची वेळ यासाठी उत्तम. एकाचं अंग आजी खोलीत पुसते आहे, दुसरं न्हाणीघरात तुमच्यासमोर बसलं आहे, हातात पाण्याचा मग. ते मग बुडवतं आणि तुमच्याकडे बघतं. ‘पाणी भरलं.’ एवढंच म्हणा आणि थांबा, मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं चुकवू नका, कारण इतर वेळी ही रिकामी जागा चटपटीत भावंड भरून टाकतं आणि सावकाश मुलाची पाळी येतच नाही. ते ‘मानी’ म्हणालं की ‘हो, पाणी! गरम पाणी!’ म्हणा. म्हणजे त्याचाच शब्द घ्यायचा, नीट उच्चारायचा आणि एक शब्द जोडून परत द्यायचा. ‘म्हण बघू, पा-णी’ असा तगादा लावला की बरीच मुलं ओठ मिटून घेतात.

वयाचा हिशोबही नीट करायला हवा. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात. चाळीसातून जन्माचे आठवडे वजा करा आणि तेवढं वय कमी धरा. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं मूल १८ महिन्यांचं झालं तरी बोलण्याच्या दृष्टीने ते साडेसोळा महिन्यांचं. ही सूट दोन वर्षांपर्यंतच द्यायची.

‘त्यांची गुप्त भाषा असते’

संदेशातला हा भाग लोकांना सगळ्यात आवडतो. लहान मुलं ‘क’ आणि ‘ग’ जिभेच्या शेंड्याकडे ओढतात. ‘काऊ’चा ‘ताऊ’ होतो, ‘गाडी’ची ‘दादी’. एकटं मूल ‘दादी’ म्हणालं तर समोरच्याला कळत नाही, गाडी मिळत नाही, मूल पुन्हा प्रयत्न करतं आणि हळूहळू शब्द सुधारतो. जुळ्यांत दुसऱ्याला ‘दादी’ लगेच कळतं, कारण तेही तसंच म्हणतं. गाडी मिळते! शब्द सुधारायचं कारणच उरत नाही, आणि ‘दादी’ महिनोन्‌महिने टिकते. असे वीस-पंचवीस शब्द, थोडे हातवारे, थोडे चीत्कार एकत्र झाले की बाहेरच्याला ती वेगळी भाषा वाटते. प्रत्यक्षात ती झिजलेली मराठीच असते.

अमेरिकेत सॅन डिएगोला १९७०च्या दशकात ग्रेस आणि व्हर्जिनिया केनेडी या जुळ्या बहिणींच्या ‘स्वतःच्या भाषे’ची मोठी बातमी झाली होती. तज्ज्ञांनी त्यांचं बोलणं बारकाईने ऐकल्यावर ती घरातलीच इंग्रजी आणि आजीची जर्मन निघाली, भराभर बोललेली आणि पार मोडलेली. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी १९५६ साली युरा आणि ल्योशा या पाच वर्षांच्या जुळ्या भावांबद्दल लिहिलं आहे. दोघं मुख्यतः एकमेकांशीच बोलत. त्यांना बालवाडीच्या वेगवेगळ्या गटांत घातल्यावर इतरांना समजेल असं बोलणं भाग पडलं आणि भाषा झपाट्याने सुधारली. याचा अर्थ जुळ्यांची ताटातूट करावी असा घेऊ नका. दुसऱ्या कुणाला आपलं म्हणणं कळावं, अशी गरज रोज निर्माण करा, एवढाच घ्या.

घरात इथे दोन चुका सर्रास होतात. एक, गोड वाटतं म्हणून मोठी माणसंही गाडीला ‘दादी’ म्हणू लागतात. मुलाला हसू नका, पण उत्तरात ‘गाडी’च म्हणा. दुसरी जास्त नुकसानीची. ‘काय म्हणतोय गं हा?’ असं बहिणीला विचारलं जातं. ती दुभाष्या होते आणि तो गप्प राहायला शिकतो. त्याला ‘दाखव मला’ म्हणा, बोट धरून न्यायला सांगा, तिथे पोचल्यावर तो शब्द तुम्ही म्हणा.

दोघं आपसात कितीही बडबडत असली तरी मोठ्यांशी बोलणं वाढत नसेल, तर ‘गुप्त भाषा’ म्हणून समाधान मानू नये.

‘एक भाषा बंद करा’

गरज नाही. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, मोजण्यात मात्र चूक होते. आईशी मराठीत १८ शब्द आणि सांभाळणाऱ्या मावशींशी हिंदीत १५ असतील तर मुलाचे शब्द ३३ आहेत, १८ नव्हेत. आजी-आजोबांची मराठी तोडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याचा सल्ला परदेशातल्या मराठी घरांनाही मिळतो. तो अजिबात ऐकू नका. ज्या भाषेत तुम्हाला रागावता, हसता, लाड करता येतात त्या भाषेत बोला.

‘वेखंड-मध चाटवा’, ‘जीभ जड आहे’

एक वर्षाच्या आत मध कोणत्याही कारणाने द्यायचा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि त्यात स्नायू लुळे पडतात. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. जिभेखालचा तंतू आखूड असेल तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पुढे एखादा उच्चारही अडू शकतो. पण शब्दच न येण्याचं ते कारण नाही.

‘बालवाडीपर्यंत थांबा’

हा सल्ला सर्वांत धोक्याचा, कारण न बोलण्यामागे कान असू शकतो. जुळी बऱ्याचदा काचेत ठेवलेली असतात. पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहणं, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं, काविळीसाठी रक्त बदलावं लागणं, या सगळ्यांत ऐकण्याला धोका असतो. अशा बाळांची जन्मानंतरची नुसती ओएई चाचणी (आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी) पुरत नाही, आवाज कानापासून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी बेरा करावी लागते. कागदपत्रांवर ‘ट्विन १’, ‘ट्विन २’ असं लिहिलेलं असतं. कोणता कागद कुणाचा, हे घरी आल्या आल्या नावानिशी लिहून ठेवा. एकाचा निकाल चांगला आला म्हणून दुसऱ्याची चाचणी राहून गेली, असं होऊ देऊ नका.

घरी पाहताना जुळ्यांचा एक खास चकवा आहे. हाक मारली की दोघं वळतात, आणि आपण खूश होतो. पण एक हाकेने वळतं आणि दुसरं पहिल्याला बघून वळतं, असं होऊ शकतं. म्हणून भावंड दुसऱ्या खोलीत असताना, मुलाच्या मागून, हाताची हालचाल न दिसू देता, नेहमीच्या आवाजात हाक मारा.

थांबू नये अशा खुणा ठरलेल्या आहेत. १२ महिन्यांना ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. १६ महिन्यांना एकही शब्द नाही. २४ महिन्यांना ‘बाबा ये’, ‘अजून मम’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आलेले शब्द गेले तर मात्र वय न बघता त्याच आठवड्यात दाखवायचं.

शब्द मोजायला वहीत दोन रकाने करा, प्रत्येक मुलाचा वेगळा. तीच गोष्ट दाखवायला तोच आवाज, नक्कल न करता, तीनदा आला तर तो शब्द धरा. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘भुर्र’ धरायचे, ‘दादी’सुद्धा. जुळ्यांचे एकत्र मोजले की बोलक्या मुलाचे शब्द गप्प मुलाच्या खात्यावर जमा होतात.

दाखवायला कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे. जाताना वही, दोघांची जन्माची कागदपत्रं आणि प्रत्येकाचा एकट्याने खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या. शंका एकाबद्दलच असली तरी दोघांना तपासून घ्या. वेळ मात्र वेगवेगळी मागा आणि एकाला आत नेताना दुसऱ्याला बाहेर आजोबांजवळ ठेवा, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला विचारलं त्याच्याकडूनच येईल.