महिला क्रिकेटच्या प्रेडिक्शन मार्केटबद्दलचा एक दावा आणि त्यातील चुका

आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटची मोठी स्पर्धा आली की एक दावा मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. समालोचक आणि जाणकार आपापल्या आवडत्या संघाकडे झुकलेले असतात, प्रेडिक्शन मार्केटमध्ये, म्हणजे पुढे घडणाऱ्या घटनेच्या निकालावरचे करार जिथे विकत घेतले आणि विकले जातात त्या बाजारात, मात्र लोक स्वतःचे पैसे लावतात, म्हणून तिथला भाव हाच सामन्याचा सर्वांत खरा अंदाज होय, असे त्यात म्हटलेले असते. हा सट्टा नव्हे, आतली माहिती भावात उतरली तर अंदाज अधिकच अचूक होतो आणि या उलाढालीने महिला क्रिकेटचे भलेच होते, अशी पुस्तीही जोडलेली असते. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि आतल्या माहितीबद्दलचे विधान तर खेळाडूंच्या दृष्टीने घातक आहे.

पैसे लावलेला माणूस अधिक विचार करतो, हे मान्य आहे. पण भाव म्हणजे शक्यता केव्हा मानायची, याला अटी आहेत. एखादा संघ जिंकेल या करारावर विजय झाल्यास एक डॉलर मिळतो, पराभव झाल्यास काहीच मिळत नाही. तो करार ६२ सेंटला विकला जात असेल तर विजयाची शक्यता ६२ टक्के, असे वाचले जाते. हे वाचन तेव्हाच टिकते, जेव्हा दोन्ही बाजूंना पुष्कळ माणसे उभी असतात आणि चुकलेला भाव दिसताच कोणीतरी तो दुरुस्त करतो. या बाजारांची कीर्ती झाली ती मुख्यतः निवडणुकांमुळे. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर असा बाजार सुरू केला, तेव्हा एकाच प्रश्नावर महिनोन्महिने सौदे होत होते आणि जनमत चाचण्या सर्वांसमोर होत्या. महिलांच्या द्विपक्षीय मालिकेतील एखाद्या सामन्यावर मात्र मोजके लोक सौदे करतात, आणि तेही काही तासांपुरते. घेणारा ५५ देऊ करत असेल आणि विकणारा ६६ मागत असेल, तर शक्यता नेमकी किती म्हणायची? अशा पातळ बाजारात एकाच मोठ्या सौद्याने भाव उडी घेतो आणि ती उडी म्हणजे जनमत असल्याचे सांगितले जाते. शिवाय ज्या आकडेवारीवर विचार करायचा तीच तुटपुंजी असते. भारताच्या महिला संघाने नोव्हेंबर २०१४ नंतरची पुढची कसोटी खेळली ती थेट जून २०२१ मध्ये, ब्रिस्टलला. अशा सामन्याचा भाव ठरवणाऱ्याकडे अंदाजाला आधार म्हणून काय असणार?

‘निकालांनी हे सिद्ध केले आहे’ हे वाक्यही दाव्यात असते. लॉर्ड्सवरच्या २०१७ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात २२९ धावांचा पाठलाग करताना भारत ३ बाद १९१ वर होता. त्यानंतर ॲन्या श्रबसोलच्या माऱ्यापुढे शेवटचे सात गडी २८ धावांत गेले आणि सामना नऊ धावांनी हातचा गेला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत उलटे घडले. ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य भारताने जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर गाठले, आणि तो महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. या दोन सामन्यांचा दाखला देऊन बाजार चुकतो असे मी म्हणणार नाही, कारण एका निकालाने भाव चूकही ठरत नाही आणि बरोबरही ठरत नाही. ७० सेंट भावाच्या शंभर सामन्यांपैकी साधारण सत्तर त्या संघाने जिंकले, तर भाव विश्वासार्ह. ही मोजणी करायला पुष्कळ सामने आणि जपून ठेवलेले भाव लागतात. दोन-तीन गाजलेले निकाल दाखवणे म्हणजे ती मोजणी नव्हे.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे भाव सामन्याला नसतो, प्रश्नाच्या शब्दांना असतो. २०२० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात सिडनीला इंग्लंड आणि भारत यांचा उपांत्य सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. राखीव दिवस नव्हता, आणि गटात अव्वल असल्यामुळे भारत अंतिम फेरीत गेला. ‘भारत उपांत्य सामना जिंकेल का’ आणि ‘भारत अंतिम फेरीत पोहोचेल का’ या दोन प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी वेगळी होती.

हा सट्टा नव्हे, कारण समोर बुकी नसतो आणि करार केव्हाही विकता येतो, असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसी) भ्रष्टाचारविरोधी संहितेत पैजेच्या व्याख्येत कोणत्याही प्रकारचा आर्थिक सट्टा समाविष्ट आहे. संहितेच्या कक्षेतील खेळाडू किंवा प्रशिक्षक यांनी असा करार घेतला, तर त्याला बाजार म्हटल्याने नियमभंग टळत नाही.

आता आतल्या माहितीबद्दल. अंतिम अकरा खेळाडू कोण, कोणाचा गुडघा किती दुखावला आहे, हे नाणेफेकीआधी मोजक्या माणसांना ठाऊक असते. २०२५ च्या विश्वचषकात भारताची सलामीची फलंदाज प्रतिका रावल हिला मैदानावर दुखापत झाली ती सर्वांनी पाहिली. ती किती गंभीर आहे, हे आधी कळले ते संघाच्या वैद्यकीय पथकाला. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा करून दोन गडी बाद केले, म्हणजे अशा बातमीला किती वजन असते ते पाहा. ती बातमी भावात उतरली तर आकडा सत्याच्या जवळ जाईल, हे खरेच. पण ती उतरते कशी? कोणीतरी ती बाहेर देते, आणि सट्ट्यासाठी वापरली जाऊ शकेल अशी माहिती देणे हा संहितेनुसार गुन्हा आहे. समोरचा करार विकणारा साधा चाहता त्या वेळी फसवला जात असतो. शिवाय माहिती विकण्यापासून प्रसंग घडवून आणण्यापर्यंतचे अंतर फार नाही. २०२३ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या वेळी बांगलादेशाच्या एका फिरकीपटूने, जी त्या संघात नव्हती, संघातील खेळाडूला ठरवून हिट विकेट (स्वतःच यष्ट्या पाडून बाद) होण्यासाठी वीस लाख टक्यांचे आमिष दाखवले. त्या खेळाडूने लगेच तक्रार केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या फिरकीपटूवर पाच वर्षांची बंदी जाहीर झाली. भ्रष्टाचारासाठी बंदी आलेली ती पहिली महिला क्रिकेटपटू. तो प्रकार प्रेडिक्शन मार्केटचा नव्हता, पण सामन्यातील प्रत्येक बारीक घटनेवर करार निघू लागले की अशा आमिषाला गिऱ्हाईक वाढते. तक्रार करणाऱ्या त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे आणि मग ‘आतली माहिती चांगलीच’ हे वाक्य पुन्हा वाचावे.

राहिला महिला क्रिकेटच्या भल्याचा मुद्दा. आयसीसीने जुलै २०२३ मध्ये आपल्या स्पर्धांत पुरुष व महिला संघांना समान बक्षीस रक्कम जाहीर केली, आणि २०२५ च्या महिला विश्वचषकाची एकूण बक्षिसे १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलरची होती. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी ८६,१७४ प्रेक्षक आले, ते खेळ पाहायला. प्रेडिक्शन मार्केटच्या करारात मात्र एका सौदेकऱ्याचा पैसा दुसऱ्याकडे जातो आणि मधले शुल्क बाजार चालवणाऱ्याकडे राहते. खेळाच्या संघटनेशी वेगळा करार झालेला नसेल, तर त्यातला एक सेंटही खेळाडूपर्यंत पोहोचत नाही.