"मोठ्यानं बोल" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आज एका वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. एक मुलगी बोलायला उभी राहिली. हातात मुद्द्यांची चिठ्ठी, घामानं पार मऊ झालेली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, "मोठ्यानं!" तिनं आवाज चढवला. पुन्हा, "अगं मोठ्यानं, मागे ऐकू येत नाहीये!" तिसरं वाक्य होतं, "माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण..." आणि तिथे आवाज फाटला. मग ती बोललीच नाही. नुसती उभी राहिली आणि खाली उतरली.

घरी येऊन तीन तास झाले, अजून डोकं शांत होत नाहीये.

नववीत माझं हेच झालं होतं. फरक एवढाच की मला आमच्या मराठीच्या बाई भेटल्या. त्या मला पडद्यामागे घेऊन गेल्या. "घाबरू नकोस" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. माझे कानापर्यंत चढलेले खांदे दोन्ही हातांनी खाली दाबले, माझाच तळहात माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हा हात पुढे येऊ दे, मग तोंड उघड."

बस, एवढंच. पण हे कुणी शिकवतच नाही! भीतीनं श्वास वरच्या वर होतो, गळा आवळतो, स्वरतंतू ताणले जातात आणि पट्टी वर जाते. अशा वेळी "मोठ्यानं" म्हटलं की मूल गळ्यातूनच आणखी जोर लावणार. आवाजाला बळ मिळतं ते खालून, श्वासातून. वर कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करतं. प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं हो, स्वरतंतूंवर पडत नाही. तोंडाची कोरड जाईल, पण गळ्यासाठी पाणी दिवसभर पोटात जायला हवं. आणि सारखं खाकरणं तर बंदच करा. दर खाकरण्याला ते तंतू एकमेकांवर आपटतात.

मान्य, काहींना आवाजाची देणगीच असते. मान्य, माईक चांगला असला की बरंच निभावतं. पण श्वास संपल्यावर वाक्याचं शेपूट गिळलं तर माईक काय करणार?

बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती हीच. "आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते गिळलंस तर तू हो म्हणालीस की नाही, हे लोकांना कळणार कसं?" "मी हे सहन करणार..." एवढं ऐकू आलं आणि पुढचा "नाही" विरून गेला, तर अर्थच उलटा! तेव्हापासून मी प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवते. पूर्णविरामाला खरोखर थांबते. पहिल्यांदा ती दोन सेकंदं युगासारखी वाटतात, पण समोरच्याला तेवढी लागतातच.

आणखी एक, आणि याचा मला जास्त राग आहे. त्या मुलीच्या आवाजाला मागच्या रांगेतलं कुणीतरी "चिरका" म्हणालं. बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० कंपनं असतात, पुरुषाच्या १२०च्या आसपास. म्हणजे तिचा आवाज उंच असणारच. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनासुद्धा १९७०च्या दशकात आवाज खाली आणायचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. देशाचं नेतृत्व करू पाहणाऱ्या बाईला! पट्टी कुठलीही असो, आवाज मोकळा हवा. मला कुणी जाड आवाज काढायला लावला असता तर मी कधीच स्टेजवर गेले नसते.

असो. परीक्षकांचा हेतू वाईट नसेलही. त्यांनाही लहानपणी कुणी "मोठ्यानं" एवढंच सांगितलं असेल.

त्या दिवशी पडद्यामागून बाहेर जाताना बाईंनी शेवटचं सांगितलं होतं, "शेवटच्या रांगेत कुणी बसलंय ना, त्याच्याशी बोल. त्याच्यावर ओरडू नकोस." तिथे शाळेचे शिपाईकाका भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे बघून बोलले. त्यांनी मान हलवली, म्हणजे पोचलं. माझा नंबर आला नाही, पण भाषण पूर्ण झालं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलीला शोधलं, पण ती निघून गेली होती. तिच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर तिला एवढं सांगा, आजीला लिहिता येत नव्हतं, "पण"च्या पुढे काय होतं, ते मला ऐकायचं आहे.