प्रशिक्षण ठीक, पण माणसं कुठायत?
कार्डिअ‍ॅक अरेस्टच्या वेळी, म्हणजे पेशंटचं हृदय अचानक बंद पडतं तेव्हा, नर्सेस गोंधळतात असं सांगून एका लेखात सगळा भर प्रशिक्षणावर दिलाय. ते हवंच. पण मेडिसिन वॉर्डात रात्रपाळी केलेलं कुणीही आधी वेगळंच सांगेल. छाती दाबायची ती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल, आणि दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा. बदलायला आहे कोण? एक सिस्टर, एक मावशी, आणि आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, दुसऱ्या मजल्यावर. दाबणं थांबवायचं नाही, पण फोनही सिस्टरनेच करायचा, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनही तिनेच भरायचं. मऊ गादीवर पाठीखाली फळी लागते, ती हमखास पलंगामागे अडकलेली. क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषध-सामानाची ट्रॉली, उघडावी तर लॅरिंगोस्कोपचे (श्वासाची नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचे) सेल उतरलेले. (तपासल्याची सही रजिस्टरवर रोजची असते, बरं का!) त्यात नातेवाईक पलंगाला खेटून मोबाइलवर शूटिंग करणार. पेशंट गेला की पहिला जाब सिस्टरलाच.

प्रशिक्षण होतं ते दिवसा, टेबलावरच्या पुतळ्यावर, चौघीजणी मिळून. ते एकदा रात्री 3 वाजता, न सांगता, वॉर्डातच घ्या, आणि ड्युटीवर असतील तेवढ्याच माणसांत. मेट्रननी (नर्सेसच्या प्रमुखांनी) आणि अधीक्षकांनी तिथे उभं राहून बघावं.