त्या रात्री मोंडोच जिंकायला हवा होता

परवा भाची आलेली पुण्याहून. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन महिन्यांनी तिचं स्वतःचं कलेक्शन रॅम्पवर जाणार आहे, त्यामुळे डोक्यात दुसरं काही नाहीच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली मावशी, तू ती प्रोजेक्ट रनवेची फायनल सारखी सांगतेस ना, मोंडोवाली, ती बघू या. बघितली. आणि रात्री दीडपर्यंत आम्ही भांडलो. ती म्हणते जजेस बरोबर होते. मी म्हणते नव्हते. सकाळी ती बसने गेली पण माझ्या डोक्यातून विषय जाईना, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

ज्यांनी शो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोजेक्ट रनवे हा अमेरिकेतला शो, २००४ ला सुरू झाला. दर आठवड्याला एक विषय देतात, एक-दोन दिवसांत कापड आणून, बेतून, शिवून मॉडेलच्या अंगावर चढवायचं, जजेससमोर चालवायचं, आणि कुणीतरी एक घरी जातो. तेव्हा हायडी क्लुम होस्ट, मायकल कोर्स आणि नीना गार्सिया जज, आणि टिम गन हा मास्तर, जो वर्करूममध्ये फिरून प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबायचा आणि काय चुकतंय ते सांगायचा. शेवटी जे उरतात त्यांना पैसे आणि काही आठवडे देऊन घरी पाठवतात, तिथे त्यांनी पूर्ण कलेक्शन बनवायचं आणि न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये खऱ्या प्रेक्षकांसमोर दाखवायचं. आधीच्या बहुतेक सीझनच्या फायनल ब्रायंट पार्कच्या तंबूत झाल्या. सप्टेंबर २०१० मध्ये फॅशन वीक लिंकन सेंटरला हलला आणि आठव्या सीझनची फायनल तिथे झाली. गंमत म्हणजे त्या वेळी टीव्हीवर सीझन अर्ध्यातच असायचा, म्हणून कोण उरलंय हे फुटू नये यासाठी जे आधीच बाहेर पडलेत त्यातलेही काही जण तिथे कलेक्शन दाखवायचे. विचार करा, आपण हरलोय हे स्वतःला माहीत आहे आणि तरी सगळ्यांसमोर फायनलिस्टसारखं उभं राहायचं. त्या पोरांचं मला फार वाटतं.

तर आठवा सीझन. शेवटी उरले तिघं, पण खरी लढत दोघांतच. एक ग्रेचेन जोन्स, पोर्टलंडची. दुसरा मोंडो गेरा, डेन्व्हरचा, घर मेक्सिकन मुळांचं.

ग्रेचेनबद्दल आधी लिहिते कारण तिच्यावर अन्याय करायचा नाहीये. बाई तयार होती. पहिली दोन्ही चॅलेंजेस तिनेच जिंकली. मातकट रंग, तपकिरी, सैल पडणारं कापड, वरून दागिन्यांचा विचारही तिचाच. पूर्ण कलेक्शन एका सुरात होतं, एकही लुक उपरा वाटत नव्हता. मधे एका टीम चॅलेंजमध्ये ती बाकीच्यांवर दादागिरी करते म्हणून खुद्द टिम गनने सगळ्यांना सुनावलं होतं आणि त्यानंतर नेटवर लोकांनी तिला व्हिलन करून टाकलं. ते मला पटलं नाही तेव्हाही. माणूस कसा आहे हे कपड्याच्या निकालात आणू नये. माझा मुद्दा फक्त कपड्यांचा आहे.

मोंडो सुरुवातीला कोपऱ्यात होता. कुणाशी बोलायचा नाही, आपण इथले नाही असं त्याला वाटत राहायचं. मग हळूहळू रंग दिसायला लागले. चौकडीवर टिपके, टिपक्यांवर पट्टे, पिवळ्याशेजारी जांभळा, आणि तरी अंगावर चढल्यावर एकमेकांशी भांडत नव्हते. मधल्या टप्प्यात तो जिंकतच गेला.

आता हे जे प्रिंटवर प्रिंट आहे ना त्याबद्दल मला बोलायचंय, कारण बघणाऱ्याला वाटतं हे काय, दोन रंगीत कापडं घेतली की झालं. मी इचलकरंजीत वीस वर्षं शिवतेय. घराच्या मागे लूमचा खडखडाट असतो, कापड म्हणजे काय ते मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. साधं उदाहरण देते. गेल्या महिन्यात एका ताईंचा चौकड्यांचा कुर्ता होता. प्लेन कापड असतं तर घडी घातली, खडूने आखलं, दोन पदर एकदम कापले, अर्ध्या तासात बेतून मोकळी. चौकडीत तसं चालतच नाही. घडी घातली की खालचा पदर दोन सूत तरी सरकतोच. म्हणून पुढचा भाग एकटा कापायचा, तो कापडावर उलटा ठेवून रेघेवर रेघ जुळवायची, प्रत्येक रेघेला टाचणी, मग मागचा भाग कापायचा. शिवताना मशीन वरचं कापड थोडं पुढे ढकलतं, म्हणून आधी हाताने कच्चा टाका. एवढं करून मुंढ्यापासून खालपर्यंत बाजूच्या शिवणीत रेघ सलग गेली तर गेली. त्या ताईंना ते दिसलंही नसेल. पण नसतं जुळलं तर "काहीतरी बिघडलंय" एवढं नक्की दिसलं असतं, काय ते सांगता आलं नसतं. आणि कापड पाव मीटर जास्त लागतं ते वेगळंच, ते आधीच सांगून ठेवावं लागतं नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही कापड खाल्लं.

हे एका चौकडीचं झालं. मोंडो एका अंगावर तीन-तीन प्रिंट घ्यायचा, तेही दिवसाभरात. कुठलं मोठं, कुठलं बारीक, कुठे काळं आणून डोळ्याला विसावा द्यायचा, हे कुणी पट्टीने मोजून शिकवत नाही. ते डोळ्यात असावं लागतं. मातकट रंग एकमेकांशेजारी ठेवले की ते मुळातच जमवून घेतात. जांभळ्या-पिवळ्याला जमवून घ्यायला लावणं हे काम आहे. भाची म्हणाली मावशी तू कारागिरीला मार्क देतेस, डिझाइनला नाही. मी म्हटलं या दोन गोष्टी वेगळ्या करणारी तू कोण.

मग तो कापड डिझाइन करायचा एपिसोड. स्वतःचं प्रिंट काढायचं, ते कापडावर छापून मिळणार आणि त्याचा कपडा करायचा. मोंडोने अधिकच्या चिन्हांचं प्रिंट काढलं. मोठमोठी चिन्हं, आणि त्याची पँट शिवली. रनवेवर सगळ्यांना आवडली, पण प्रिंटमागे काय आहे हे त्याने आधी सांगितलंच नाही. नीना गार्सियाने विचारलं तेव्हाही आधी टाळलं, मग तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाला की मी दहा वर्षं एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. ते अधिकचं चिन्ह म्हणजे तेच.

मी हा एपिसोड आता तीनदा बघितलाय आणि तीनही वेळा रडलेय. २०१० साल होतं. आपल्याकडे तर आजही एचआयव्ही म्हटलं की लोक ताट वेगळं ठेवतात. दहा वर्षं छातीवर ठेवलेला दगड त्याने एका पँटच्या प्रिंटमध्ये उतरवला, आणि तरी ती पँट बघताना आधी "काय सुंदर पँट आहे" असंच वाटतं. दुःख सांगून मार्क मागितले नाहीत त्याने. आधी कपडा ठेवला समोर. ते चॅलेंज तोच जिंकला.

आता फायनल. मोंडोचं कलेक्शन मेक्सिकोच्या मृतांच्या सणावरून, दिया दे लोस मुएर्तोस म्हणतात त्याला, त्यावरून निघालेलं. आपल्याकडे पितृपक्ष म्हणजे सगळं गप्प गप्प, नवीन काही घ्यायचं नाही. त्यांच्याकडे त्या दिवसांत झेंडूची फुलं, रंगवलेल्या कवट्या, खाणंपिणं, गाणी, पितर घरी पाहुणे आल्यासारखे. तो सगळा रंग त्याने लिंकन सेंटरच्या रॅम्पवर आणला. आणि त्यातला तो टिपक्यांचा ड्रेस! मोठे मोठे टिपके, फुग्यासारखा आकार. पाहुणी जज गायिका जेसिका सिम्पसन होती, ती त्या ड्रेसच्या प्रेमातच पडली, हायडीही.

मग जजेस बसले. हायडी आणि जेसिका मोंडोच्या बाजूने, कोर्स आणि नीना ग्रेचेनच्या. बराच वेळ वाद चालला आणि बघताना कळतं की हे कॅमेऱ्यासाठी नाहीये, खरंच भांडताहेत. कोर्स आणि नीनाचं म्हणणं साधारण असं की फॅशन आज जिकडे चाललीय तिकडे ग्रेचेन आहे, आणि मोंडोचं जरा कॉस्च्युमकडे, म्हणजे नाटकातल्या वेषभूषेकडे झुकतं. शेवटी ग्रेचेन जिंकली. २८ ऑक्टोबर २०१० ला अमेरिकेत तो एपिसोड दाखवला आणि त्या रात्री नेटवर नुसता राडा झाला होता.

माझी तक्रार इथे आहे. आख्खा सीझन तुम्ही एका मुलाला सांगता की तू वेगळा आहेस, तुझ्यासारखं दुसरं कुणी करत नाही, अजून तुझं तुझं कर. तो करतो. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही मोजपट्टीच बदलता आणि विचारता की आत्ता बाजारात काय चाललंय त्यात हे बसतं का. हे आधी सांगायचं ना. बाजार ओळखण्याची स्पर्धा असेल तर तशी लावा, त्यात ग्रेचेन जिंकेल आणि मी टाळ्या वाजवीन. पण मग टेबलापाशी उभं राहून "तू कोण आहेस ते दाखव" असं कुणालाच म्हणू नका.

भाचीचा मुद्दा हा की मायकल कोर्स स्वतः एवढा मोठा ब्रँड चालवतो, काय विकतं हे त्याला माहीत असणार, जिंकणाऱ्याला तेव्हा एक लाख डॉलर मिळायचे ते ब्रँड उभा करायलाच ना, मग विकणारा माल बनवणाऱ्यालाच द्यायला हवेत. ऐकायला बरोबर वाटतं. पण पुढे काय होईल हे जजेसना तरी कुठे कळतं? पहिल्याच सीझनचा विजेता जे मॅक्कॅरोल, त्याने ते लाख डॉलर घेतलेच नाहीत, कारण करारात त्याच्या पुढच्या कमाईतले १० टक्के शोवाल्यांना द्यायचं कलम होतं. आणि चौथ्या सीझनचा ख्रिश्चन सिरियानो, २१ वर्षांचा पोरगा, पिसं, फुगीर बाह्या, मोठमोठे कॉलर, कॉस्च्युम म्हणायचंच असतं तर त्याला आधी म्हटलं असतं. त्याला त्याच कोर्सने आणि त्याच नीनाने जिंकवलं २००८ मध्ये, आणि आज त्या शोमधून निघालेलं सगळ्यात मोठं नाव तोच आहे. म्हणजे नाट्य असलेला कपडा विकत नाही हे त्यांच्याच निकालाने दोन वर्षं आधीच खोटं पाडलेलं होतं.

आणि तो कॉस्च्युम शब्द. तो मला लागतो, खरंच लागतो. कारण मला माहितीये हा शब्द कुणाच्या कपड्यांना चिकटतो. माझी आजी हिरव्या चौकड्याचं इरकल नेसायची, लाल काठ, टोपपदर, आणि वर जांभळ्या खणाची चोळी. तीन-चार तऱ्हांचं नक्षीकाम एका अंगावर आणि त्यातच ती शेतात जायची, बाजाराला जायची. तिला तो कॉस्च्युम नव्हता, रोजचा कपडा होता. आज तेच नेसून कुणी ऑफिसला गेलं तर विचारतात आज काय प्रोग्रॅम आहे का. रंग कुणाचा आहे त्यावर ठरतं का हे? तपकिरी आणि राखाडी असलं की फॅशन, आणि झेंडूचा पिवळा आला की गॅदरिंग? मोंडो त्याच्या घरातला सण अंगावर घेऊन आला होता. त्याला वेषभूषा म्हणणं म्हणजे तुझं घर हे नाटक आहे असं सांगणं झालं. जजेसच्या मनात तसं नसेलही, मी मानते. पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं.

भाची यावर गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली आमच्या कॉलेजमध्येही हेच सांगतात, एथनिक आणशील तर ते मॉडर्न करून आण. तिच्या कलेक्शनमध्ये खण आहे. गाइडने रंग उतरवायला सांगितलेत, सगळं बेज आणि राखाडीत कर म्हणाले. तिने सॅम्पल दाखवलं मोबाईलवर. राखाडी खण. शिवण छान आहे, पडतंही छान, पण मला ते बघून पोटात कसंतरी झालं. खण राखाडी करायचा तर मग खण कशाला घ्यायचा गं, एवढंच म्हणाले मी, जास्त बोलले नाही, मार्क तिचे आहेत.

मोंडोचं पुढे बरं झालं. २०१२ मध्ये ऑल स्टार्सचा पहिला सीझन आला, त्यात आधीच्या सीझनचे गाजलेले स्पर्धक परत आले आणि तो जिंकला. तिथे जजेस वेगळे होते, आयझॅक मिझराही आणि जॉर्जिना चॅपमन, मोंडो मात्र तोच, रंगही तेच. एचआयव्हीबद्दल उघड बोलण्याच्या कामातही तो उतरला. लोक म्हणतात बघ, शेवटी मिळालं ना त्याला. मिळालं, चांगलंच झालं, पण त्यामुळे २०१० चा निकाल बरोबर होत नाही.

एक गोष्ट राहिली. निकाल ऐकल्यावरचा त्याचा चेहरा. हसायचा प्रयत्न करतोय, ग्रेचेनला मिठी मारतोय. इतका चांगला हरला तो. भाचीने तिथे व्हिडिओ थांबवला आणि बराच वेळ पुढे नेलाच नाही.

काल तिचा फोन आला, विचारत होती पिवळ्या खणाला जांभळं अस्तर दिलं तर घामाने रंग लागेल का. मी म्हटलं आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाल, सकाळी पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ, आणि शिवणीत माया (जास्तीचं कापड) एक इंच ठेव, खण उसवतो. गाइडला दाखवणार आहे का नाही ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ज्यांनी ती फायनल बघितलीय त्यांनी कमेंटमध्ये नक्की लिहा, ग्रेचेनच्या बाजूचे असाल तरी लिहा. तिच्या कलेक्शनमधला कुठला कपडा तुम्हाला आज इतक्या वर्षांनी आठवतो आणि का, हे मला मनापासून ऐकायचंय.